सिहोऱ्यातला तोंडी गाळा

आमचे आजोबा नागपूर हायकोर्टात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि त्यामागोमाग आमचं बिऱ्हाडही. पुढे बाबांनी जबलपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर, सिहोऱ्याला, वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं. जुन्या मिर्झापूर रस्त्यावरचं हे तहसिलीचं गाव. १८६७मध्ये अलाहाबाद-जबलपूर रेल्वे सुरू झाली आणि खितौल्याच्या बाजूला सिहोरा रोड स्टेशन आलं. अशा गावात रस्त्यालगतच्या गाळ्याला गिऱ्हाईक सहज मिळतं.

गाळे तोंडीच ठरत. मालकाला घरपट्टी वाढण्याची धास्ती आणि भाडेकरूला कागद मागायची भीड. बाबांचा व्यवहारही तसाच झाला. मुदत पाच वर्षं, भाडं तेच. शटर आणि मांडण्या बाबांनी करायच्या, खर्च भाड्यातून वळता व्हायचा. "जबान दे दी, भैयाजी," मालक म्हणाले. शेजारचा शिंपी साक्षीला होता.

दुसरी दिवाळी झाली आणि मालकांनी दुप्पट भाडं मागितलं. नाहीतर मुलाला दुकान टाकायचंय, गाळा सोडा. बाबा ठरलेलं भाडं घेऊन गेले, ते घेतलं नाही. एका सकाळी शटरला दुसरंच कुलूप दिसलं. आत शाळा उघडायच्या हंगामाचा माल होता, बराचसा उधारीवर आणलेला.

जबलपूरच्या वकिलांनी, तेही नागपूरचेच, बाबांना जे समजावलं ते मला आजही अन्यायाचं वाटतं. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२चा कायदा तोंडी भाडेपट्टा मानतो, पण एक वर्षापुरता. त्याहून लांब मुदतीला नोंदणी हवी. म्हणजे पाच वर्षांचा शब्द कोर्टात उभा राहणार नव्हता. ताबा आणि दिलेलं भाडं एवढ्यावर बाबा महिन्या-महिन्याचे भाडेकरू ठरत होते. शब्द मालकाने मोडला आणि मुदत गमावली भाडेकरूने.

पण कुलपाचं तसं नव्हतं. १९६३च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याप्रमाणे ज्याचा ताबा जबरदस्तीने काढला त्याला सहा महिन्यांत दावा लावता येतो, मालकी कुणाची हा प्रश्न न काढता. त्याआधी १८७७च्या कायद्यातही हीच तरतूद होती. मालकालाही कोर्टाच्या वाटेनेच जावं लागतं. शिवाय १९६१च्या मध्य प्रदेश भाडे कायद्यात गाळा खाली करून घ्यायला ठरावीक कारणं लागतात. मुलाच्या धंद्याची गरज हे त्यांतलं एक, पण ती खरी असल्याचं आणि गावात आपली दुसरी सोयीची जागा नसल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं.

वकिलांच्या नोटिशीवर कुलूप निघालं. त्यानंतर बाबा दर महिन्याला पोस्टात जाऊन भाड्याची मनीऑर्डर करत. ती 'लेने से इन्कार' असा शेरा घेऊन परत येई. बाबा तो फॉर्म पावतीसकट जपून ठेवत. थकबाकीचा ठपका येऊ नये म्हणून छोट्या गावांतले कितीतरी दुकानदार हेच करत आले. ज्या व्यवहाराला कागदच नव्हता, त्याचा कागद पोस्टाने तयार केला.

आमच्या नागपूरला १९४९चा भाडेनियंत्रण आदेश होता. मालकाला नोटीस देण्याआधी नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. ३१ मार्च २०००पासून त्याची जागा महाराष्ट्राच्या १९९९च्या कायद्याने घेतली. त्यातलं ५५वं कलम मला फार मोलाचं वाटतं. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकावर, आणि तसं नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. विरुद्ध सिद्ध करायचं तर मालकाने करावं. बाबांच्या वेळी सिहोऱ्यात असं कलम असतं तर पाच वर्षं आणि मांडण्यांचा खर्च, दोन्ही त्यांच्या बाजूने बोलले असते.

तसं झालं नाही. शेवटी तडजोड झाली. शटरचे पैसे मिळाले, मांडण्यांचे नाही. बाबांनी खितौल्याकडे दुसरा गाळा घेतला, तो तीन वर्षांच्या नोंदणीकृत करारावर. मुद्रांकाचा निम्मा खर्च त्यांनी आपणहून दिला.