गाडीतला कार्बन आणि टाकीत ओतायची बाटली : कुठं फायदा, कुठं पैसे पाण्यात

डाळिंबाचा हंगाम लागला की आपल्या भागात पिकअप, व्हॅन, जुन्या कार सगळ्याच रात्रंदिवस पळायला लागतात आणि महिनाभरात गॅरेजपुढं रांग लागते. कुणाची गाडी ओढत नाही, कुणाचं ॲव्हरेज पडलंय, कुणाची सकाळी स्टार्ट झाल्यावर थरथरते. मिस्त्रीचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, "आण्णा, कार्बन धरलाय." हेड उतरवायचं म्हटलं की काम हजारांत जातं आणि गाडी दोन-तीन दिवस उभी राहते. तेवढ्यात स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर कार्बन क्लीनरची बाटली दिसते, तीन-चारशे रुपयांची. टाकीत ओतायची, गाडी चालवायची, झालं काम. माणूस बाटलीच घेणार.

माझ्या पेट्रोल व्हॅनमध्ये मी ती वापरली, फायदा झाला. माझ्या चुलतभावानं त्याच्या डिझेल पिकअपमध्ये लागोपाठ तीन बाटल्या ओतल्या, काडीचा फरक पडला नाही. दोन्ही बाटल्या चांगल्या कंपनीच्या होत्या, दोन्ही गाड्यांत कार्बन होताच. मग असं का झालं? उत्तर सोपं आहे. ही बाटली इंधनात मिसळते, त्यामुळं इंधन जिथून जातं तिथलाच कार्बन ती धुते. जिथं इंधन पोचतच नाही, तिथं बाटलीही पोचत नाही. म्हणून पैसे काढायच्या आधी आपल्या गाडीत कार्बन कुठं बसलाय ते बघावं लागतं.

कार्बन धरतो कसा

चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला काजळी धरते, तसाच प्रकार. इंधन पुरतं जळलं नाही की काळा थर राहतो. इंजिन थंड असताना इंधन जास्त सोडलं जातं आणि ते नीट जळत नाही. आपली गाडी वस्तीवरून गावात, गावातून दूध डेअरीवर, परत वस्तीवर, अशी चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारते. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. त्यात कुणाची वाट बघत अर्धा-अर्धा तास गाडी चालू ठेवायची सवय. महामार्गावर रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या गाडीपेक्षा गावात फिरणाऱ्या गाडीत कार्बन लवकर धरतो, तो यामुळं. तुंबलेला एअर फिल्टर आणि भेसळीचं इंधन यांनी भर पडते.

थर मुख्यतः चार जागी बसतो : इंजेक्टरच्या तोंडावर, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर, पिस्टनच्या माथ्यावर व रिंगांच्या खाचांत, आणि ईजीआर व्हॉल्व्ह व इनटेक मॅनिफोल्डमध्ये. शेवटची जागा डिझेलवाल्यांनी लक्षात ठेवावी.

पेट्रोल गाडीत बाटली काय करते

आपल्याकडच्या बहुतेक लहान पेट्रोल गाड्या एमपीएफआय आहेत. यात इंजेक्टर पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या मागं मारतो आणि तिथून पेट्रोल हवेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्लीनर मिसळलेलं पेट्रोल इंजेक्टर, व्हॉल्व्हची पाठ आणि पिस्टनचा माथा, तिन्हीकडून जातं. बाटलीचा खरा उपयोग इथं होतो.

बाटलीत काय आहे तेही बघावं. पॉलीइथर अमाईन, म्हणजे पीईए, हे कार्बन सोडवणारं चांगलं डिटर्जंट मानलं जातं, कारण ते जास्त उष्णतेतही टिकतं आणि सिलिंडरच्या आतल्या थरावरही काम करतं. पीआयबी जातीचं डिटर्जंट स्वस्त असतं. ते इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवतं, पण सिलिंडरच्या आत स्वतःच थोडा थर वाढवू शकतं. लेबलवर, नाहीतर कंपनीच्या सेफ्टी डेटा शीटवर पीईए लिहिलंय का ते मोबाईलवर पाच मिनिटांत सापडतं. नुसतं 'पॉवर वाढवतो, ॲव्हरेज वाढवतो' लिहिलेली बाटली मी घेत नाही. ऑक्टेन बूस्टर हा वेगळा माल आहे, त्याला क्लीनर समजू नये.

पंपावर मिळणाऱ्या पॉवर, स्पीड, एक्सपी ९५ अशा महागड्या पेट्रोलमध्येही डिटर्जंट असतंच. अमेरिकेत तर १९९५ पासून सगळ्याच पेट्रोलमध्ये ते घालणं सक्तीचं आहे. पण अशा पेट्रोलनं नवीन थर धरायचा कमी होतो. जुना घट्ट थर सोडवायला बाटलीतला जास्त डोस लागतो.

माझ्या व्हॅनचं सांगतो. आयडलिंगला थरथर, सकाळी दोनदा सेल मारावा लागायचा, ॲव्हरेज १५ वरून १३ वर आलेलं. आधी एअर फिल्टर बदलला, प्लग काढून साफ केले. थोडा फरक पडला, थरथर राहिलीच. मग टाकी रिकामी होत आल्यावर बाटली ओतली, वरून पेट्रोल भरलं आणि सोलापूरला जायचंच होतं ते काम त्या दिवशी केलं. जाताना काही जाणवलं नाही. परत येताना आयडलिंग बसलं. टाकी संपेपर्यंत ॲव्हरेज १५ च्या आसपास आलं. नवी गाडी झाली असं मी म्हणणार नाही, पण हेड उतरवायचं काम टळलं.

एक अडचण काही नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांची. गाडीच्या नावात किंवा माहितीपुस्तकात जीडीआय, टीजीडीआय, टीएसआय असं असेल, तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सुटतं. व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल पडतच नाही, मग बाटलीनं ती पाठ धुतली जाणार कशी? इंजेक्टरचं तोंड आणि पिस्टनचा माथा साफ होईल, व्हॉल्व्हचा कार्बन तसाच राहील. तो काढायला मॅनिफोल्ड उतरवावा लागतो.

सीएनजीवाल्यांनी हेही लक्षात घ्यावं. बाटली पेट्रोलच्या टाकीत जाते. गाडी दिवसभर गॅसवर आणि टाकीत तळाला तीन लिटर पेट्रोल, अशात बाटली ओतली तर डोस अनेक पटींनी जास्त होतो आणि गॅसवर चालताना ती काम करतच नाही. लेबलवर जेवढे लिटर लिहिलंय तेवढं पेट्रोल भरायचं आणि ते संपेपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालवायची. परवडत नसेल तर बाटलीच्या फंदात पडू नये. मोटारसायकलच्या टाकीलाही कारची अख्खी बाटली ओतू नये.

डिझेल पिकअपची गोष्ट

चुलतभावाची पिकअप लोड घेऊन चढाला लागली की काळा धूर सोडायची आणि दुसऱ्या गिअरवर यायची. तीन बाटल्यांचे हजारभर रुपये गेल्यावर तालुक्याच्या एका जुन्या मिस्त्रीकडं गाडी नेली. त्यानं ईजीआर व्हॉल्व्ह काढून हातात दिला. आत डांबरासारखा चिकट काळा लगदा, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून अडकलेला. मॅनिफोल्डमध्ये बोट घातलं तर बोटभर जाडीचा थर. मिस्त्री म्हणाला, "दादा, तुमची बाटली डिझेलमधनं जाती, हा रस्ता हवेचा हाय." तेवढं एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर हजार रुपये वाचले असते.

ईजीआर म्हणजे जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडायची व्यवस्था. प्रदूषण कमी करायला ती असते. त्या धुरातली काजळी आणि क्रँककेसमधून येणारी ऑईलची वाफ एकत्र आली की हा लगदा तयार होतो. तो काढायचा म्हणजे पार्ट उतरवून क्लीनरनं, ब्रशनं धुवावा लागतो. चुलतभावाच्या गाडीला एक दिवस लागला, धूर गेला, चढाची तक्रार गेली. काही जण ईजीआरच्या तोंडाला पत्र्याची पट्टी मारून तो बंदच करतात. बीएस-६ गाडीत असं केलं तर चेक इंजिनची लाईट लागते, आणि मुळात प्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही.

डिझेलच्या बाटलीचा उपयोग अजिबात नाही असं नाही. इंजेक्टरच्या तोंडावर थर असेल, फवारा बिघडला असेल, तर डिझेल इंजेक्टर क्लीनरनं फरक पडतो. पण इंजेक्टर झिजला असेल तर तो पंप-नोझलच्या दुकानात टेस्टिंगलाच न्यावा लागतो. पेट्रोलची बाटली डिझेलमध्ये किंवा उलट करू नये.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरच्या लाईनीत डीपीएफ नावाचा काजळी अडवणारा फिल्टर आहे. त्याची लाईट लागली म्हणजे फिल्टर भरत आलाय. माहितीपुस्तकात दिलंय तसं महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं एका वेगानं गाडी चालवली की बहुतेक वेळा काजळी आतच जळून जाते. लाईट लागली तरी गावातच फेऱ्या मारत राहिलं की फिल्टर पुरता चोंदतो आणि मग मोठा खर्च निघतो.

याच गाड्यांपैकी काहींत डीईएफची वेगळी टाकी असते, निळ्या झाकणाची. हे युरिया आणि पाण्याचं द्रावण. ते डिझेलच्या टाकीत ओतायचं औषध नाही. चुकून ओतलं तर गाडी स्टार्ट करू नका, ढकलून बाजूला लावा आणि टाकी रिकामी करून घ्या. एकदा पंपातून आत गेलं की पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात.

हे करू नका

पेट्रोलच्या टाकीत डांबरगोळ्या टाकायची जुनी टूम अजून काही पोरं करतात. गोळी पेट्रोलमध्ये विरघळते खरी, पण पेट्रोल उडालं की पांढरे कण मागं राहतात आणि बारीक भोकं बुजवतात. रॉकेल, थिनर घालायचं तर नावच नको. रबरी सील आणि पाइप खराब होतात.

इंजिन चालू ठेवून हवेच्या नळीतून पाणी मारायची पद्धत काही जुने मिस्त्री वापरायचे. पाणी जरा जास्त गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि चालू डिझेल इंजिनात हवेच्या वाटेनं पेटणारा स्प्रे मारला तर इंजिन आपोआप रेस होतं आणि चावी बंद करूनही आवरत नाही.

इंजिन फ्लश ही टाकीत ओतायची नाही, ऑईलमध्ये टाकायची बाटली. आमच्या गावातल्या एका जुन्या जीपमध्ये, ऑईल कित्येक वर्षं वेळेवर न बदललेल्या, हा फ्लश टाकला. आतला सगळा गाळ एकदम सुटला आणि ऑईल पंपाच्या जाळीत अडकला. दुसऱ्या दिवशी ऑईलची लाईट लागली. मालकाला वाटलं वायरिंगचा दोष असेल, गाडी तशीच पळवली, आणि बेअरिंग धरली. अशा इंजिनाला फ्लश नको. दोन-तीन वेळा लवकर लवकर ऑईल आणि फिल्टर बदलत गाळ हळूहळू काढावा.

हायड्रोजन लावून कार्बन काढणारी मशीनही आता तालुक्याला आली आहेत. पाण्यापासून काढलेला वायू चालू इंजिनात अर्धा-पाऊण तास सोडतात. चुलतभावाच्या मॅनिफोल्डमध्ये मी जो थर बघितला, तो असल्या वायूनं निघेल यावर माझा तरी विश्वास नाही.

बाटली घ्यायच्या आधी

एअर फिल्टर, प्लग, डिझेल फिल्टर, टायरची हवा आणि क्लच आधी तपासा. निम्म्या गाड्यांची तक्रार इथंच मिटते. धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलंय, ते बाटलीनं भरून येत नाही. गाडी तापल्यावरही पांढरा धूर आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या. इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलनं ॲव्हरेज थोडं कमीच बसतं, तो कार्बनचा दोष नव्हे. उलट जुन्या टाकीतला गाळ इथेनॉलनं सुटतो आणि फिल्टरमध्ये येऊन बसतो, तेव्हा फिल्टर बघा.

इतकं करून तक्रार राहिली तर एक बाटली, एका टाकीला. आधी बाटली, मग पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं. त्या दिवशी निदान पन्नास-साठ किलोमीटरची एकसलग फेरी काढा. ऑईल बदलायला आलेलं असताना बाटली वापरली तर बरं, कारण थोडं क्लीनर रिंगांतून खाली ऑईलमध्ये उतरतं. ती टाकी संपली की ऑईल बदलून टाका. बाटली ओतून गाडी महिनाभर उभी ठेवू नका. गाडी वॉरंटीत असेल तर माहितीपुस्तकात कंपनीनं काय लिहिलंय ते आधी वाचा.

सील, बॅच नंबर, छापील किंमत बघून घ्या आणि पक्कं बिल मागा. एका बाटलीनं काहीच फरक पडला नाही तर दुसरी आणू नका, त्या पैशात मिस्त्रीला थ्रॉटल बॉडी किंवा ईजीआर उघडून दाखवायला सांगा.