रिकामी मेमरी म्हणजे शिल्लक मेमरी नव्हे

आजचा विषय संगणकाचा आहे, पण गोष्ट इतिहासाची आहे.

निवृत्तीनंतर मी घरच्या संगणकावर लिनक्स वापरू लागलो. एकदा मेमरीचा हिशेब देणारी ‘फ्री’ ही आज्ञा दिली. ८ जीबीपैकी रिकामी जेमतेम ३०० एमबी! फौजी माणूस, राखीव संपत आलेली दिसली की झोप उडते. मी दर तासाला कॅशे रिकामी करण्याची आज्ञा लावून दिली. संगणक उलट मंदावला. नवी मेमरी विकत घ्यायला निघालो, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, शेवटचा ‘अव्हेलेबल’ रकाना बघितलात का?” तिथे साडेपाच जीबी होते.

हा गोंधळ कुठून आला? त्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाचा ‘ॲटलस’ संगणक सुरू झाला. वेगवान मेमरी महाग, म्हणून ती फक्त सुमारे १६ हजार शब्दांची. बाकी सुमारे ९६ हजार शब्द फिरत्या चुंबकी ड्रमवर. लागेल ते पान आत आणायचे आणि नको ते बाहेर ठेवायचे, हे काम यंत्र स्वतःच करी. १९६५ मध्ये मॉरिस विल्क्स यांनी मुख्य मेमरीपुढे आणखी एक छोटी, वेगवान मेमरी ठेवण्याची कल्पना मांडली. १९६८ मध्ये आयबीएमच्या ‘३६० मॉडेल ८५’ या यंत्रात ती आली आणि ‘कॅशे’ हे नाव रूढ झाले. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवणे. आघाडीजवळ दडवून ठेवलेला शिधा आणि दारूगोळा आम्हाला नवा नव्हता!

हीच युक्ती डिस्कसाठीही वापरली गेली. युनिक्समध्ये डिस्कवरून वाचलेले ठेवायला ठरावीक जागा असे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स सुरू केले. पुढे त्यात, कोणी वापरत नसलेली मेमरी कॅशेला देण्याचे धोरण आले. तीच फाइल पुन्हा मागितली की डिस्कपर्यंत जावे लागत नाही. एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली, तर कॅशेतली पाने सोडली जातात. म्हणजे मी दर तासाला आघाडीवरचा साठा फेकून देत होतो आणि मग तोच माल मागच्या डेपोतून पुन्हा मागवत होतो.

पण ‘रिकामी अधिक कॅशे’ अशी बेरीजही चुकते. प्रोग्रॅम्सनी वाटून घेतलेली काही मेमरी कॅशेच्या खात्यात दिसते, पण ती सहज सोडता येत नाही. म्हणून २०१४ मध्ये लिनक्स ३.१४ पासून कर्नल स्वतःच अंदाज देऊ लागला: डिस्कवरच्या स्वॅपला हात न लावता नव्या कामाला किती मेमरी मिळेल? तोच ‘अव्हेलेबल’ रकाना.

एक खबरदारी मात्र घ्या. लिहिलेला मजकूरही काही काळ मेमरीतच थांबतो. त्यामुळे पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपटू नका. कागदपत्रे अर्धवट राहतील.

अहवाल खोटा नव्हता. मी चुकीचा रकाना वाचत होतो. किती जवान मोकळे बसलेत, यावर तुकडीची ताकद ठरत नाही. हाक आली की किती जण कामाला येतील, ते विचारायचे असते. मेमरीचेही तसेच. ‘अव्हेलेबल’ सतत कमी आणि स्वॅपची ये-जा सतत चालू असेल, तेव्हाच खिशात हात घाला. माझे पैसे वाचले.

जय हिंद!