फिरता प्रोग्रॅम आणि कार्यभाराचे वाटप : एक ऐतिहासिक आढावा

वितरित संगणन प्रणालीत काही यंत्रे कामाच्या ओझ्याखाली दबलेली, तर काही रिकामी असणे ही जुनीच अडचण होय. रिकामे यंत्र शोधून तेथे जाण्याचे काम प्रोग्रॅमवरच सोपवावे, हा विचार १९९० च्या दशकात ‘मोबाईल एजंट’ या नावाने गाजला. त्याचे मूळ मात्र त्याआधीचे आहे.

कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क संशोधनकेंद्रात सुमारे १०० अल्टो संगणक इथरनेटने जोडलेले होते. रिकामे यंत्र हेरून तेथे स्वतःचा एक भाग चालू करणारा ‘वर्म’ जॉन शॉक व जॉन हप यांनी तेथे रचला. एका रात्री असा लहानसा वर्म चालू ठेवण्यात आला. सकाळी डझनावारी यंत्रे बंद पडलेली आढळली. पुन्हा सुरू केलेले यंत्रही वर्म ताब्यात घेई आणि ते पुन्हा कोसळे. अखेर अशा प्रसंगासाठी आधीच योजलेला संदेश जाळ्यात सोडून सर्व वर्म थांबवावे लागले. १९८२ च्या आपल्या लेखात दोघांनी हा प्रसंग लपविला नाही, हे विशेष.

चालू काम हलविणे मुळात परवडते काय? काम सुरू होतानाच योग्य यंत्राकडे दिले तर पुरेसे असून, अर्धवट झालेले काम हलविण्याचा लाभ मर्यादित आहे, असे ईगर, लाझोव्स्का व झाहोर्यान यांनी १९८८ मध्ये दाखविले. १९९६ मध्ये हार्कोल-बाल्टर व डाउनी यांनी प्रत्यक्ष कामांच्या कालावधीच्या नोंदी तपासल्या. एक सेकंदाहून अधिक टिकलेले काम आणखी तितकाच काळ टिकण्याची शक्यता सुमारे निम्मी आढळली. म्हणजे जितके काम जुने, तितके ते हलविणे फायद्याचे.

याच सुमारास जनरल मॅजिकची टेलिस्क्रिप्ट आणि आयबीएमच्या टोकियो प्रयोगशाळेतील अ‍ॅगलेट्स पुढे आले. १९९९ मध्ये लांगे व ओशिमा यांनी एजंटांच्या बाजूने सात कारणे मांडली. (सात कारणे द्यावी लागणे हेच बोलके.) परक्या यंत्रावर गेलेला एजंट सर्वस्वी त्या यंत्राच्या स्वाधीन असतो, ही शंका त्यांतून फिटली नाही.

२००५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी झेन प्रणालीवर चालू आभासी यंत्रच दुसऱ्या संगणकावर हलविले. एका प्रयोगात सेवा अवघी ६० मिलिसेकंद थांबली. स्थलांतर साधले, परंतु कोठे जायचे हे जाणारा ठरवीत नव्हता. तो निर्णय व्यवस्थापकाच्या हाती राहिला.