एकच पाऊस, निरनिराळीं शिवारें

पाऊस राजा-रंक पाहत नाहीं, असें म्हणण्याची रूढि आहे. दख्खनच्या दुष्काळी पट्ट्याचा इतिहास मात्र निराळेंच सांगतो. पावसानें दगा दिला म्हणजे त्याचा घाव कोणावर किती खोल बसावा, हें केवळ आकाशांत ठरत नाहीं. शेतकऱ्याच्या घरांत आणि सावकाराच्या वहींत तें पुष्कळसें आधींच ठरून गेलेलें असतें.

१८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांवर चाल करून कर्जरोखे जाळले. हें लोण अहमदनगर जिल्ह्यांतहि पोंचलें. पुढच्याच वर्षीं पाऊस गेला आणि १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ ओढवला. ज्याच्या पेवांत जुनी ज्वारी होती, त्याला कांहीं काळ तरी आधार होता. ज्याचें धान्य खळ्यावरूनच सावकाराच्या घरीं जात असे, त्याला गुरें विकून खडी फोडावयास जावें लागलें. १८७९ सालीं सरकारनें कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. पण तोंवर पुष्कळ घरें उठून गेलीं होतीं.

१८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जोतीराव फुले यांनीं ताली-बंधारे घालून पाणी व माती अडविण्याचा उपाय सुचविला, आणि त्याच ग्रंथांत शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा आग्रह धरला. शिवार आणि शाळा हे दोन्ही प्रश्न त्यांनीं एकत्रच मांडले.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. पाणी जमिनीच्या मापानें न देतां घरांतील माणसांच्या संख्येप्रमाणें द्यावयाचें, भूमिहीनालाहि वांटा ठेवावयाचा आणि उसाला पाणी द्यावयाचें नाहीं, असे तिचे नियम होते. ज्याच्यापाशीं कांहींच नाहीं, त्यालाहि पुढील अवर्षणास तोंड देतां यावें, ही त्यांतील दृष्टि होती.

आज हवामानच पालटत आहे. पावसाचे खंड लांबतात, मग थोड्याच दिवसांत धो धो कोसळतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें तर गारपिटीनें मराठवाडा-विदर्भांतील उभीं पिकें झोडपून काढलीं. महाराष्ट्रांतील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ पर्यंत १.३४ हेक्टरवर आली. अशा तुकड्यावर नवें बियाणें पेरून पाहण्याचें धाडस कोण करणार? ज्याच्या गांठीं भांडवल आहे, तो कूपनलिका आणखी खोल नेतो आणि शेजाऱ्याची विहीर आटते. बटईनें कसणाऱ्याचें किंवा नवऱ्यामागें शेत राखणाऱ्या बाईचें नांव सातबाऱ्यावर नसलें, तर पेढीच्या दारांतच वाट अडते.

हवामानाचा अंदाज आतां खेडोपाडीं पोंचतो. परंतु तो ऐकून पेरणी आठ दिवस थांबविणें त्यालाच परवडतें, ज्याच्या घरांत तेवढ्या दिवसांचें धान्य आहे. दुष्काळाची तयारी पावसाळ्यापूर्वीं नव्हे, एक पिढी आधीं सुरू होते.