आश्रयदाता बदलताना : खाशाबा जाधव यांची कुस्ती आणि पोलीस सेवा

हेलसिंकी येथे १९५२ साली मिळवलेल्या कांस्यपदकामुळे खाशाबा दादासाहेब जाधव हे नाव क्रीडेतिहासात कायमचे नोंदले गेले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये लाभलेले ते पहिले वैयक्तिक पदक होय. तथापि पदकानंतरच्या तीन वर्षांत खाशाबा मुंबईच्या पोलीस दलात दाखल झाले आणि पुढील २७ वर्षे त्या दलाच्या सेवेत राहिले, ही गोष्ट त्यांच्यावरील बहुतेक लेखनात एका वाक्यात उरकली जाते. आणि त्या वाक्याचा सूर बहुधा हळहळीचा असतो. मल्लाचे आयुष्य हेलसिंकीत संपले आणि उरली ती केवळ नोकरी, असा त्याचा मथितार्थ. प्रस्तुत लेखाचा रोख निराळा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास महाराष्ट्रातील कुस्तीचा आश्रयदाता बदलत होता, आणि खाशाबांची पोलीस सेवा हा त्या बदलाचाच एक टप्पा होता. १९४८, १९५२ आणि १९५५ या तीन सालांत त्यांच्या पाठीशी कोण उभे होते, हे पाहिले म्हणजे तो बदल स्पष्ट दिसू लागतो.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच मुलांतील हे धाकटे. मल्लविद्येचा पहिला पाठ घरच्याच मातीत मिळाला. शालेय शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व पुढील शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात झाले. १९४२च्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणे, त्यांची पत्रे पोहोचविणे अशी कामे त्यांनी केल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. सातारा जिल्ह्यात त्या काळी अशी कामे करणारी घरे थोडी नव्हती. ज्या खात्याच्या नजरेपासून भूमिगतांना लपवावयाचे, त्याच खात्याचा गणवेश तेरा वर्षांनी अंगावर चढला, ही घटना म्हणूनच केवळ योगायोगाची नाही. दरम्यान ते खाते परकीय सरकारचे राहिले नव्हते.

कोल्हापूरचा उल्लेख येथे थोडा विस्ताराने करणे अवश्य आहे. शाहू छत्रपतींनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्याचे दृश्य रूप म्हणजे १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान. परंतु मैदान हा त्या व्यवस्थेचा फक्त दर्शनी भाग होता. तिचा कणा होता तालीम आणि खुराक. मल्लाला दूध, तूप, बदाम यांची ददात पडू नये. त्याने पहाटे उठून मेहनत करावी, जोर-बैठका माराव्यात, लढत घ्यावी आणि दुसऱ्या कशाचीही विवंचना करू नये, ही त्या आश्रयामागील कल्पना. दरबाराचा लोभ व्यक्तीवर असे. मल्लाचे नाव आणि आश्रयदात्याचे नाव लोकांच्या तोंडी जोडीने येत असे. या व्यवस्थेत मल्लाच्या म्हातारपणाची हमी मात्र नव्हती. ती धन्याच्या मर्जीवर अवलंबून होती. संस्थानी आश्रयाच्या आठवणी आज फार गोड करून सांगितल्या जातात, म्हणून हे बजावणे भाग आहे.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला लंडनमध्ये गादीवर लढावे लागले. त्यांच्या तयारीस साहाय्य करणारे रीस गार्डनर हे अमेरिकेचे जुने मल्ल. फ्लायवेट गटात खाशाबांचा सहावा क्रमांक आला. माती आणि गादी यांतील अंतर केवळ पायाखालच्या पृष्ठभागाचे नव्हे. मातीत पकड घामट होते, अंगाला माती चोळून ती घट्ट करता येते, आणि दोन्ही खांदे जमिनीला लागेपर्यंत, म्हणजे चीतपट होईपर्यंत, कुस्ती चालू शकते. गादीवर घड्याळ चालते आणि पंच गुण मोजतात. नव्या तंत्राची ओळख होऊन काही दिवसच लोटलेल्या मल्लाने सहावे यावे, हे त्या काळच्या जाणकारांना मोठेच वाटले, आणि ते योग्यच होते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरणाने राजवट गेली, तशी तिची क्रीडेवरील तिजोरीही गेली. नव्या राज्यकर्त्यांपाशी तिच्या जागी ठेवण्यासारखी व्यवस्था अद्याप नव्हती. अखिल भारतीय क्रीडा परिषद स्थापन झाली ती १९५४ साली. खाशाबांची हेलसिंकीची तयारी नेमकी या पोकळीत सापडली. त्यांच्या निवडीवरूनच वाद झाला व पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून पुन्हा चाचणी कुस्ती घ्यावी लागली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. निवड झाली तरी प्रवासखर्च उभा राहीना. मुंबई सरकारकडे मागितलेले चार हजार रुपये मिळाले नाहीत; गोळेश्वर व कऱ्हाड परिसरातील लोकांनी वर्गणी काढली; आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. या हकीकतीतील उदात्तता निर्विवाद आहे. इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ आणखी एक: १९४८ साली जे काम दरबाराने केले, ते १९५२ साली एका शिक्षकाच्या घराने आणि खेड्यातील मूठमूठ वर्गणीने केले. या दोहोंच्या मध्ये कोणतीही सार्वजनिक संस्था नव्हती.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनाच्या, म्हणजे बँटमवेट गटात मुक्त शैलीच्या कुस्तीत उतरले. त्या काळची स्पर्धा आजच्यासारखी सरळ बाद फेरीची नव्हती. मल्लाच्या नावावर दोषांक चढत: पराभवाला अधिक, पंचांच्या निकालाने मिळालेल्या विजयाला कमी, आणि चीतपट विजयाला शून्य. ठरावीक दोषांक झाले की मल्ल स्पर्धेबाहेर. अर्थात चीतपट करण्याची सवय असलेल्या मातीतल्या मल्लाला ही पद्धत काहीशी अनुकूलच होती. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला फेकणारा 'ढाक' हा खाशाबांचा हातखंडा डाव. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी यांच्या मल्लांना मागे टाकून ते अखेरच्या तिघांत पोहोचले. तेथे जपानचा शोहाची इशी व सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव यांच्याशी गाठ पडली आणि दोन्ही कुस्त्या हातच्या गेल्या. इशीशी झालेल्या दमछाकीच्या कुस्तीनंतर नियमाने मिळावयाची विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले, आणि हरकत घेण्यास पथकातील कोणी अधिकारी जवळ नव्हता, असे त्यांच्यावरील लेखनातून सातत्याने सांगितले गेले आहे. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य, असा २३ जुलै १९५२ रोजी निकाल लागला. त्याच स्पर्धेत भारताने के. डी. सिंग 'बाबू' यांच्या नेतृत्वाखाली हॉकीचे सुवर्णपदक राखले. देशाचे लक्ष एका के. डीं.कडे लागले आणि दुसरे के. डी. कऱ्हाडला उतरले, तेव्हा त्यांची मिरवणूक काढली ती दीडशेवर बैलगाड्या जुंपून गावकऱ्यांनी.

परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड मांडून, त्या मारून जमलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले, असे सांगतात. महाराष्ट्रात हे अगदी स्वाभाविक होते. इनामाची कुस्ती हाच येथील मल्लाचा रोजगार. परंतु ऑलिंपिकच्या तत्कालीन दंडकाला ते मानवणारे नव्हते. त्याच जुलै महिन्यात, त्याच हेलसिंकीत, एव्हरी ब्रंडेज यांची आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी निवड झाली. हौशीपणाच्या तत्त्वाचा एवढा कडवा पुरस्कर्ता त्या पदावर दुसरा क्वचितच झाला असेल. खेळाडूने खेळातून पैसा मिळवू नये. मग त्याने खावे काय, या प्रश्नाला त्या तत्त्वापाशी उत्तर नव्हते. सुखवस्तू घरातील तरुणाला उत्तराची गरजही नव्हती. शेतकऱ्याच्या, खाणकामगाराच्या मुलाला मात्र होती.

या प्रश्नाचे एक व्यवहारी उत्तर ब्रिटनमध्ये अगोदरच निघाले होते, आणि ते पोलीस दलाच्या रूपाने. दलाला उंच, कणखर, आज्ञाधारक माणसे हवी असत. खेळाडूला असा पगार हवा असे, की जो खेळाचा मोबदला ठरू नये. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रस्सीखेचीची तिन्ही पदके ब्रिटिश पोलिसांच्या संघांनीच वाटून घेतली. वेल्समध्ये, जेथे रग्बी हा कोळशाच्या खोऱ्यांतील कष्टकऱ्यांचा खेळ झाला होता, तेथे राष्ट्रीय संघात पोलीस असणे नवलाचे नव्हते. पहिल्या महायुद्धापूर्वी वेल्सकडून खेळलेला आणि १९१६ साली मामेट्झच्या रानात पडलेला डिक थॉमस हा ग्लॅमॉर्गनच्या पोलीस दलातलाच. रग्बीच्या त्या शाखेने खेळाडूंना उघड मोबदला देण्याची मुभा दिली ती थेट १९९५ साली. तोवर गणवेशाने तिच्या हौशीपणाला आधार दिला.

खाशाबा १९५५ साली पोलीस उपनिरीक्षक झाले. लोकांच्या भाषेत, फौजदार. सातारा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात या पदाला जो मान होता, तो आज कल्पनेने जाणावा लागतो. ते शिपाई म्हणून नव्हे तर अधिकारी म्हणून आत गेले, यात पदकाइतकाच राजाराम महाविद्यालयातील शिक्षणाचा भाग असला पाहिजे. तालमीतल्या बहुसंख्य मल्लांना ती पायरी उपलब्धच नव्हती. खात्यांतर्गत स्पर्धा त्यांनी जिंकल्या, क्रीडाप्रशिक्षक म्हणूनही काम केले. परंतु नोकरी लागली तेव्हा त्यांचे वय २९ होते, आणि गुडघ्याच्या दुखापतीने मेलबर्नची वाट बंद केली. येथे ब्रिटिश उदाहरणाशी असलेले साम्य संपते. तेथे दल खेळाडूला खेळाच्या भरात सांभाळी. येथे खेळाचा भर ओसरल्यावर दल लाभले. ज्या पाच-सहा वर्षांत खुराकाची, प्रशिक्षकाची आणि निश्चिंतीची खरी गरज होती, ती वर्षे आश्रयावाचून गेली होती.

नव्या आश्रयदात्याचा स्वभावही निराळा होता. दरबार माणसाला ओळखी; खाते पदाला ओळखते. दरबाराची कृपा लहरी, पण ती पराक्रमाकडे पाहून होत असे. खात्याची ज्येष्ठतासूची लहरी नसते, आणि तिच्यात पराक्रमाचा रकानाही नसतो. वर्षे मोजली जातात, परीक्षा मोजल्या जातात, गोपनीय अहवाल पाहिले जातात. हेलसिंकी त्यात कोठे बसवावयाचे? या व्यवस्थेला कृतघ्न म्हणणे सोपे आहे, आणि तसे म्हटलेही गेले आहे. पण ऑलिंपिकवीर फौजदाराला इतर फौजदारांच्या पुढे काढावे, असा नियमच नव्हता, आणि नियमावाचून मेहेरबानी न करणे हाच तर प्रजासत्ताकाच्या प्रशासनाने संस्थानी कारभाराहून आपला वेगळेपणा मानला होता. खाशाबांवर अन्याय झाला तो या अर्थाने, की जुनी मेहेरबानी काढून घेतल्यावर तिच्या जागी नियम करावयास राज्याने अनेक दशके लावली.

२७ वर्षांच्या सेवेअखेर खाशाबा साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या ज्योतयात्रेत त्यांना सहभागी करून घेण्यात आले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. १९६१ पासून दिला जाणारा अर्जुन पुरस्कार त्यांना हयातीत मिळाला नाही. तो २००० सालासाठी मरणोत्तर देण्यात आला. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कारही असाच, १९९२-९३चा. २०१० साली दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांच्या कुस्तीगृहाला त्यांचे नाव दिले गेले, आणि पुढे त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडादिन ठरला. १९५२ नंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळावयास १९९६ साल उजाडले. लिअँडर पेस यांच्या त्या पदकानंतरच चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या पदकाची शोधाशोध नव्याने सुरू झाली, ही बाब या मरणोत्तर सन्मानांच्या कालक्रमात लक्षात घेण्याजोगी आहे.

नियम झाले ते पुढे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी जागा राखल्या गेल्या आणि विशेष कामगिरी करणाऱ्यांना थेट वरच्या श्रेणीत नेमण्याचे धोरण आले. तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव व विजय चौधरी हे पोलीस उपअधीक्षक म्हणून नेमले गेले. कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबत उपजिल्हाधिकारी झाल्या. आयुक्तालयातील साहाय्यक आयुक्त आणि जिल्ह्यातील उपअधीक्षक ही समकक्ष पदे होत. म्हणजे ज्या श्रेणीवर या मल्लांची सेवा सुरू झाली, त्या श्रेणीवर खाशाबांची संपली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळविणारे स्वप्निल कुसाळे हे खाशाबांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविणारे महाराष्ट्राचे पहिले खेळाडू. तेही कोल्हापूर जिल्ह्यातलेच, आणि नोकरीने मध्य रेल्वेतील तिकीट तपासनीस. पदकाचा निकाल लागताच रेल्वेने त्यांची बढती जाहीर केली.