एका रक्ताचा एकच आकडा

हृदयाची झडप बदललेल्या भाईंदरच्या रुग्णाची शस्त्रक्रिया मुंबईत होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसाठीची तपासणी मात्र पुढे घराजवळच्या लॅबमध्ये होत राहते. रिपोर्ट दहिसर ओलांडून डॉक्टरांपुढे जातो आणि त्यातल्या आयएनआर नावाच्या आकड्यावर गोळी वाढते किंवा कमी होते. म्हणून भाईंदरच्या दोनाचा अर्थ मुंबईतही दोनच असावा लागतो. हे घडवून आणणाऱ्या शास्त्रात मी वाचकाला बोलावतो आहे.

रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजण्याची पद्धत आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये मांडली. पण तिच्यातले थ्रोम्बोप्लास्टिन हे रक्त गोठवणारे रसायन कुठे मानवी मेंदूचे, कुठे सशाच्या मेंदूचे. प्रत्येकाची संवेदनक्षमता वेगळी. एकाच रुग्णाचे आकडे देशोदेशी बदलत आणि कमी संवेदनक्षम रसायन वापरणारे डॉक्टर नकळत जास्त मात्रा देत. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर स्वीकारला. रुग्णाच्या सेकंदांना निरोगी माणसांच्या सरासरी सेकंदांनी भागायचे आणि त्या गुणोत्तराला रसायनाच्या आयएसआय या संवेदनक्षमता-निर्देशांकाचा घात द्यायचा. गुणोत्तर २ असेल, तर आयएसआय १ असताना आयएनआर २ येतो. आयएसआय २ असताना ४. एका ठिकाणी मात्रा वाढवावीशी वाटेल, दुसऱ्या ठिकाणी गोळी थांबवावीशी. रसायनाचा नवा लॉट आल्यावर यंत्रातला जुना निर्देशांक बदलायचा राहिला, तर एवढे घडू शकते.

सूत्र हाती आले तरी लॅबने एकटीने स्वतःला तपासणे पुरेसे नाही, असे माझे ठाम मत आहे. १९४७ मध्ये बेल्क आणि संडरमन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या लॅबना एकसारखेच नमुने पाठवले, तेव्हा उत्तरांतली तफावत धक्कादायक निघाली. आज वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज देशभरच्या लॅबना तपासणीचे नमुने पाठवते. प्रत्येकीला आपला आकडा इतरांच्या शेजारी ठेवून पाहता येतो. अर्थात सगळ्या मिळूनही चुकू शकतात, म्हणून वर आंतरराष्ट्रीय संदर्भ-नमुना लागतोच.

आणि यंत्राच्या आधी सुई आहे. निळ्या झाकणाच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणजे गोठणे रोखणारे द्रव्य, हवे. नळी रेघेपर्यंत न भरता अर्धवट राहिली की गोठण्याची वेळ खोटीच लांबते. लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी, रुग्णांच्या घरच्यांनीही अभ्यासाला सुरुवात या नळीवरच्या रेघेपासून करावी. घातांकाचे गणित त्यानंतर सहज उमगते.