निर्गमनाची नोंद : ब्रिटनमधील परकीयांच्या गणनेचा एक धडा

देशात कोण आले हे राज्यसंस्थेस सहज कळते. देशातून कोण गेले हे मात्र कष्टाने जाणून घ्यावे लागते. येणाऱ्यास प्रवेशाची अनुज्ञा हवी असते, म्हणून तो दाराशी थांबतो. जाणाऱ्यास राज्याकडून काहीच नको असते. त्याला थांबवून विचारण्याची गरज राज्याची असते, त्याची नव्हे. आगमन आणि निर्गमन यांतील ही विषमता वरवर क्षुल्लक वाटली तरी तिचे परिणाम दूरगामी होतात. ब्रिटनचा दोन शतकांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इंग्लंडच्या किनाऱ्यावर निर्वासितांची रीघ लागली, तेव्हा इ. स. १७९३ मध्ये परकीयांविषयीचा पहिला मोठा कायदा झाला. जहाजावर किती परकीय आहेत हे कप्तानाने बंदरातील जकात अधिकाऱ्यांस कळवावे, आणि परकीयाने आपले नाव व व्यवसाय सांगावा, असा त्याचा रोख होता. लक्ष सारे प्रवेशद्वाराकडे होते. १८३६ च्या कायद्याने दुसऱ्या टोकाचाही विचार केला. येताना मिळालेले प्रमाणपत्र परकीयाने देश सोडताना जकात अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावे, अशी तरतूद त्यात होती. कागदावर ही योजना निर्दोष होती. तथापि प्रमाणपत्र खिशात घेऊनच जो निघून गेला, त्याला समुद्रापार जाऊन विचारणार कोण? शांततेच्या काळात अंमलबजावणी शिथिल होत गेली आणि कायदा ग्रंथातच उरला.

१९०५ च्या कायद्याने उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या परकीय प्रवाशांचा तपशील देण्याची जबाबदारी जहाजाच्या कप्तानावर टाकली. १९१४ च्या महायुद्धाने हा प्रश्न एकाएकी निकडीचा केला. परकीयांनी ठराविक बंदरांतूनच यावे-जावे असे निर्बंध आले आणि युद्ध संपल्यावरही नियंत्रणाची चौकट कायम राहिली. पुढे निर्गमनाच्या वेळी पारपत्र पाहण्याची व कार्ड भरून घेण्याची पद्धत रूढ झाली. परंतु विमानप्रवास वाढला, तसा या कागदांचा ढीग उपयोगापेक्षा मोठा झाला. १९९४ मध्ये युरोपीय संघातील देशांकडे जाणाऱ्यांची आणि १९९८ मध्ये उरलेल्यांची निर्गमन-तपासणी बंद करण्यात आली.

तपासणी बंद झाली, पण संख्येची मागणी थांबली नाही. ती भागवण्याचे काम एका नमुना-सर्वेक्षणाकडे आले. १९६१ पासून चालत आलेल्या या आंतरराष्ट्रीय प्रवासी सर्वेक्षणाचा मूळ हेतू पर्यटन आणि प्रवासखर्च यांचा अंदाज बांधणे हा होता. बंदरांवर व विमानतळांवर निवडक प्रवाशांस थांबवून त्यांचा इरादा विचारला जाई. येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘कशासाठी आलात?’ या प्रश्नास विद्यार्थी निःशंकपणे ‘शिक्षणासाठी’ असे उत्तर देतो. अभ्यासक्रम संपवून परतणाऱ्यास मात्र ‘वर्षभराहून अधिक काळ देशाबाहेर राहणार काय?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर अनिश्चित असते. नोकरी मिळेल का, पुन्हा येणे होईल का, हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते. एक प्रश्न ठरलेल्या गोष्टीविषयी आणि दुसरा न ठरलेल्या गोष्टीविषयी. तरीही दोहोंची उत्तरे एकाच वजाबाकीत बसवली गेली.

त्या वजाबाकीतून असे दिसू लागले की आलेल्या विद्यार्थ्यांपैकी वर्षाला सुमारे १,००,००० जण परत जातच नाहीत. हे अंतर गणनापद्धतीचे असू शकेल ही शंका मागे पडली, आणि परदेशी विद्यार्थी बेकायदा मुक्काम करतात हा समज राजकीय चर्चेत दृढ झाला. एप्रिल २०१५ मध्ये निर्गमन-तपासणी पुन्हा सुरू झाली. या वेळी विमान, जहाज व रेल्वे कंपन्यांनी प्रवाशांच्या पारपत्रांचा तपशील गृहखात्यास पुरवावा अशी व्यवस्था होती; म्हणजे १९०५ मधील कप्तानाचे काम नव्या साधनांनिशी परत आले. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, युरोपबाहेरील ज्या विद्यार्थ्यांची मुदत संपली व वाढवली गेली नव्हती, त्यांपैकी ९७.४ टक्के वेळेत देश सोडून गेले होते. लाखाचा आकडा असा कोसळला. त्याच्या आदल्याच महिन्यात सांख्यिकीवर देखरेख करणाऱ्या संस्थेने सर्वेक्षणाधारित अंदाज दिशाभूल करू शकतील असा इशारा दिला होता.

भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. परंतु त्यास एक अट घातली. वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये नेमकी हीच अट विसरली गेली. जाणारा दिसेल असा दिवा १९९८ मध्ये मालवला गेला होता. तरीही तो जाताना दिसला नाही, म्हणून तो गेलाच नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला.

उरलेल्या २.६ टक्क्यांसही हाच न्याय लागू पडतो. आयर्लंडकडे जाणाऱ्या मार्गांवर अशी तपासणी नसल्याने त्या वाटेने गेलेल्याची नोंद होत नाही. शिवाय नावे व पारपत्र-क्रमांक जुळवताना काही नोंदी निसटतात. त्या २.६ टक्क्यांत नियम मोडून राहिलेले किती आणि नोंदीविना गेलेले किती, हे केवळ त्या आकड्यावरून ठरत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाने पारपत्रावरील शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे व चेहरा यांवर आधारलेली आगमन-निर्गमन नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली. साधन अधिक सूक्ष्म झाले, तरी प्रमाणाची अट बदलत नाही. ज्याच्या जाण्याची नोंद सापडत नाही, त्याला दोषी ठरवण्यापूर्वी ती नोंद करणारे यंत्र त्या दाराशी खरोखर होते काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.